चिऊताईचा चिमणा कुठे होता? चित्रपुस्तकांतल्या मायाळू पुरुषांविषयी

मराठी घरात वाढलेल्या बहुतेक मुलांना पहिली गोष्ट भेटते ती शेणाच्या आणि मेणाच्या घरांची. मोठा पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत चिऊताईच्या दाराशी येतो आणि म्हणतो, दार उघड. चिऊताई उघडत नाही, कारण ती कामात असते. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, तीट लावायचीय, भरवायचंय, झोपवायचंय. सांगणाऱ्याला हवी तितकी कामं यात घालता येतात. ऐकणारं पोर पेंगेपर्यंत चिऊताईचं काही आटपत नाही. ही गोष्ट मी लहानपणी किती वेळा ऐकली आणि पुढे भाचरांना किती वेळा सांगितली याची गणती नाही. तरी चाळिशी उलटेपर्यंत एक साधा प्रश्न मला पडला नव्हता. एवढं सगळं चाललं होतं तेव्हा चिमणा कुठे होता?

खऱ्या चिमण्यांच्या घरात तो असतो. गळ्याखाली काळा डाग असलेला तो नर. घरट्याची जागा तो हेरतो, काड्या-कापूस आणतो, अंड्यांवर बसायची पाळी घेतो, आणि पिल्लांच्या चोचीत किडे-अळ्या दोघंही भरतात. कावळाही काही उनाड नसतो. मादी अंड्यांवर बसली की तिला तो खाऊ आणून भरवतो, पुढे पिल्लांनाही. म्हणजे अंगणात रोज दिसतं तेही गोष्टीत आलेलं नाही. कुणी मुद्दाम चिमण्याला हाकललं असं मला वाटत नाही. बाळाचं न्हाणं-माखणं म्हटल्यावर सांगणारीच्या डोळ्यांसमोर जे आलं ते गोष्टीत आलं, जे आलं नाही ते राहून गेलं. बाई कशी असते, पुरुष कसा असतो याचा साचा म्हणतात तो हाच. तो कुणी शिकवत बसत नाही. तो न सांगितलेल्या जागांमधून मुलांपर्यंत पोचतो.

या साच्याला हात घालणारी चित्रपुस्तकं गेली पन्नासेक वर्षं निघताहेत. मुली झाडावर चढतात, विमान उडवतात, राक्षसाला हरवतात अशी पुस्तकं आता सहज मिळतात आणि ती भेट द्यायला कुणाला संकोच वाटत नाही. दुसरी बाजू मात्र अजून अडखळते. मुलाने बाहुलीला थोपटावं, पुरुषाने आजाऱ्याचं करावं, बाबाने लेकीची वेणी घालावी, अशी पुस्तकं कमी. मुलीच्या हातात क्रिकेटची बॅट दिली की तिला बढती मिळाली असं आपल्याला वाटतं. मुलाच्या हातात भातुकली दिली की त्याची घसरण झाली असं वाटतं. माया, शुश्रूषा, सांभाळ या कामांची आपल्या मनातली किंमत इथे उघडी पडते. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांविषयी आहे.

आधी चित्रपुस्तक म्हणजे नेमकं काय, ते पाहू. गोष्टीच्या पुस्तकात मधूनमधून चित्रं टाकली की चित्रपुस्तक होत नाही. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, म्हणजे छपाईच्या हिशेबात सोळा पानांचे दोन फर्मे. शब्द थोडे असतात, कधी नसतातही. निम्मी गोष्ट शब्द सांगतात, निम्मी चित्र सांगतं, आणि दोन्ही एकच सांगतील असं नाही. वाचणारा मोठा माणूस शब्दांवरून बोट फिरवत असतो. अक्षरओळख नसलेलं मूल त्या वेळी चित्र वाचत असतं. मोठ्यांच्या नजरेतून निसटलेलं सगळं त्याला दिसतं: खिडकीतली मांजर, पलंगाखालची चप्पल, मागे ओट्याशी उभं कोण आहे ते.

अँथनी ब्राउन या ब्रिटिश चित्रकाराचं ‘पिगीबुक’ हे १९८६चं पुस्तक यासाठी बघावं. एका टापटीप घरात बाप आणि दोन मुलगे आहेत. तिघं आपापल्या फार महत्त्वाच्या ऑफिसात आणि शाळेत जातात, घरी येऊन जेवण कधी म्हणून ओरडतात. आई मुकाट्याने राबते. मुखपृष्ठावर तर तिने तिघांनाही पाठुंगळी घेतलंय. एके दिवशी ती निघून जाते आणि चिठ्ठी ठेवते की तुम्ही डुकरं आहात. इथे चित्रकाराची गंमत सुरू होते. शब्द काहीच बोलत नाहीत, पण भिंतीवरच्या कागदाची फुलं हळूहळू डुकरांच्या तोंडांची होतात, बटणं, दारांच्या मुठी, सगळ्यांना डुकराचं नाक फुटतं. मुलं बोटं दाखवून खिदळायला लागतात, वाचणाऱ्या आईबापांना उशिरा कळतं. शेवटी आई परत येते, तिघं भांडी आणि इस्त्री हातात घेतात, आणि आई गाडी दुरुस्त करते. मला हे पुस्तक आवडतं, पण त्यातल्या पुरुषांना माया शिकण्याआधी डुक्कर व्हावं लागतं, हेही खरं. ते चपराक देणारं पुस्तक आहे. जपणारा पुरुष दाखवणारं पुस्तक त्याहून अवघड असतं.

आता थोडे आकडे. आपल्याकडे ‘बाहत्तर’ म्हटलं की दुष्काळ आठवतो. मुलांच्या पुस्तकांच्या इतिहासात १९७२ हे साल वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतात. त्या वर्षी लेनोर वाइट्झमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अभ्यास छापला. तिकडे उत्तम चित्रपुस्तकाला दरवर्षी कॅल्डिकॉट पदक मिळतं. १९६७ ते १९७१ या पाच वर्षांतली पदकाची आणि त्याखालच्या मानाची १८ पुस्तकं घेऊन त्यांनी चित्रं मोजली. पुरुष-मुलगे-नर यांची चित्रं २६१, बायका-मुली-माद्या यांची २३. त्या पुस्तकांतल्या एकाही बाईला नोकरी किंवा व्यवसाय नव्हता. या मोजणीने बरीच खळबळ झाली आणि पुढे अनेकांनी ती पुन्हा पुन्हा केली. सगळ्यांत मोठी मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातली ५,६१८ पुस्तकं तपासल्यावर दिसलं की मुख्य पात्र पुरुषजातीचं असलेली पुस्तकं सरासरी ५७ टक्के, स्त्रीजातीचं असलेली ३१ टक्के.

एवढं ऐकून वाटेल की पुस्तकांत पुरुषांना काय कमी? पण इथेच मेख आहे. २००५ साली अँडरसन आणि हॅमिल्टन या दोन संशोधकांनी २०० चित्रपुस्तकं घेतली आणि फक्त आईबापांकडे पाहिलं. आई बापापेक्षा जास्त वेळा दिसते हे अपेक्षितच होतं. त्यांनी पुढे पाहिलं: मुलाला जवळ कोण घेतं, पापी कोण घेतं, भरवतं कोण, बोलतं कोण. बाप मुळात कमी, आणि आला तरी अलिप्त, फारसा उपयोगाचा नसलेला. त्यांनी अभ्यासाच्या नावातच त्याला ‘अदृश्य बाप’ म्हटलं. म्हणजे पुरुष पानोपानी आहेत, राजे आहेत, चोर आहेत, शिकारी आहेत, बोलणारे लांडगे आहेत. मुलाचं नाक पुसणारा त्यांच्यात सापडत नाही.

मग चित्रकारांनी स्वयंपाक करणारे बाबा काढावेत, प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पण लहान मुलांची स्मरणशक्ती फार खोडकर असते, आणि या विषयातली सगळ्यांत रंजक गोष्ट मला तीच वाटते.

१९८३ साली मार्टिन आणि हॅल्व्हरसन या संशोधकांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना काही चित्रं दाखवली. काही साच्यातली होती, काही साच्याबाहेरची. आठवड्याने विचारलं, चित्रात कोण होतं? साच्यातली चित्रं मुलांना नीट आठवली. साच्याबाहेरच्या चित्रांत मात्र बऱ्याचदा काम तेच राहिलं आणि माणूस बदलला. समजा चुलीपाशी मुलगा दाखवला असेल, तर आठवणीत तिथे मुलगी उभी. मूल खोटं बोलत नव्हतं, त्याला खरंच तसं आठवत होतं. मनात आधीच एक खण असतो, ‘चूल: मुलगी’ असा. नवं चित्र त्या खणात बसेना, तर मन चित्रच कापून-छाटून बसवतं. शिंप्याने कापडाऐवजी गिऱ्हाईक कापावं तसं.

याचा अर्थ सरळ आहे. ३२ पानांतल्या एका पानावर बाबाला पोळपाटापाशी बसवलं आणि पुढच्या पानावर सगळं पूर्ववत झालं, तर आठवड्याभरात तो बाबा मुलाच्या डोक्यात आई होऊन बसण्याची भीती आहे. चित्रातला मायाळू पुरुष टिकायचा तर तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि काम करणारा माणूस कोण आहे हे विसरताच येऊ नये इतका तो ठसठशीत असावा लागतो. एक आदर्श बाबा एकदा दाखवून काही होत नाही.

आणि मुलंच कशाला, मोठेही हेच करतात. १९८७च्या एका प्रयोगात आयांना अशी चित्रपुस्तकं वाचायला दिली ज्यांतले प्राणी नर की मादी हे कळतच नव्हतं. आयांनी मुलांना गोष्ट सांगताना ९५ टक्के वेळा त्यांना नर ठरवलं. उंदीर तो, अस्वल तो, सगळेच तो. एका ठिकाणी मात्र जीभ वळली. मोठा प्राणी छोट्याबरोबर, त्याच्याकडे लक्ष देत असेल, तर तो एकदम ‘आई’ झाला. मराठीत आपल्याकडे खरं तर एक सोय आहे, जी इंग्रजीत अवघडते: अस्वल ‘ते’ असतं, मांजर ‘ते’, कासव ‘ते’. तरीही भाचीला एक पुस्तक वाचताना मी न थांबता म्हणून गेलो, “आणि मग अस्वलाच्या आईने त्याला कुशीत घेतलं.” तिने पान निरखून पाहिलं आणि विचारलं, “आई कशावरून?” पानावर दोन अस्वलं होती, एक मोठं आणि एक छोटं. कशावरून, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सॅम मॅकब्रॅटनी यांचं ‘गेस हाउ मच आय लव्ह यू’ हे १९९४चं पुस्तक जगभर गाजलं. मोठा ससा आणि छोटा ससा, मी तुझ्यावर किती प्रेम करतो याची हात पसरून, उड्या मारून मापं काढतात. मूळ शब्दांत मोठा ससा स्पष्टपणे पुल्लिंगी आहे. मराठीत ससा पुल्लिंगीच, त्यामुळे इथे गफलतीला वाव कमी. पण झोपायच्या वेळचं पुस्तक, कुशीतलं पिल्लू, म्हणून तिथेही आई बघणारे वाचक कमी नाहीत.

तर मग टिकणारा मायाळू पुरुष कसा दिसतो? पुन्हा १९७२ला जाऊ. त्याच वर्षी स्वीडनमध्ये गुनिला बर्गस्ट्रॉम हिने अल्फोन्स नावाच्या चार वर्षांच्या पोराचं पहिलं पुस्तक काढलं. गोष्ट एवढीच की अल्फोन्सला झोपायचं नाही. पाईप ओढणारा, जरा पोक काढून चालणारा त्याचा बाबा गोष्ट वाचतो, पाणी आणतो, पॉटी आणतो, कपाटात सिंह आहे म्हटलं तर कपाट उघडून बघतो. पोराच्या मागण्या संपत नाहीत. मग एकदम सामसूम होते. अल्फोन्स उठून बघतो तर बाबा बाहेरच्या खोलीत जमिनीवर आडवा होऊन घोरतोय. तो त्याच्या अंगावर पांघरूण घालतो आणि येऊन झोपतो.

या पुस्तकात आई कुठे आहे हे सांगितलेलंच नाही. ती वारली, गावाला गेली, आजारी आहे, असं काही नाही. बाबा हे सगळं का करतो याचा खुलासा दिलेला नाही, त्याला कुणी शाबासकीही देत नाही. तो कंटाळतो, थकतो, तरी उठतो. मला या प्रकारातलं हे सगळ्यांत अस्सल पुस्तक वाटतं, कारण ते या प्रकारातलं आहे हे त्याला ठाऊकच नसावं असं ते वागतं. पुढे १९७४ साली बाळंतपणाच्या रजेच्या जागी आईबाप दोघांनाही घेता येईल अशी पालकरजा आणणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला. पुस्तकामुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. पण ज्या हवेत तो कायदा झाला त्याच हवेत हा घोरणारा बाबा जन्मला.

अमेरिकेत १९७२ सालीच आलेलं शार्लट झोलोटाव यांचं ‘विल्यम्स डॉल’ याच्या अगदी उलट वळणाचं आहे. विल्यमला बाहुली हवी असते. भाऊ आणि शेजारचा मुलगा चिडवतात, बाप त्याला बास्केटबॉल आणि आगगाडी आणून देतो. विल्यम दोन्ही खेळ छान खेळायला शिकतो, पण बाहुलीची हौस जात नाही. शेवटी आजी बाहुली आणते आणि चिडलेल्या बापाला समजावते की उद्या हा बाप होईल, तेव्हा बाळाला कसं घ्यायचं, कसं भरवायचं याची सवय नको का? पन्नास वर्षांनी वाचताना पुस्तक थोडं वकिली करणारं वाटतं, युक्तिवाद जास्त आणि घर कमी. तरी आजीचा मुद्दा बिनतोड आहे. मुलींना आपण भातुकलीतून वीस वर्षं तालीम देतो आणि मुलग्यांना बाळ हातात आल्यावर थेट रंगमंचावर ढकलतो.

मायाळू पुरुष म्हणजे बापच असं नाही. २०११चं कॅल्डिकॉट पदक मिळालेल्या ‘अ सिक डे फॉर एमस मॅगी’ या पुस्तकाचा नायक प्राणिसंग्रहालयातला म्हातारा राखणदार आहे. फिलिप स्टेड यांचे शब्द, एरिन स्टेड यांची फिकट, अलगद चित्रं. हा एमस रोज बसने कामावर जातो आणि प्रत्येक प्राण्यासाठी थोडा वेळ काढतो. हत्तीशी बुद्धिबळ खेळतो. पेंग्विन लाजरा आहे, तर त्याच्याजवळ नुसता गप्प बसतो. गेंड्याला सतत सर्दी, त्याला रुमाल देतो. घुबडाला अंधाराची भीती वाटते, म्हणून त्याला गोष्ट वाचून दाखवतो. मग एक दिवस एमस आजारी पडतो आणि सगळे प्राणी बस पकडून त्याच्या घरी येतात. यात काळजी घेणं म्हणजे काय, याची फार बारीक समज आहे: ज्याला जे हवं ते द्यायचं. पेंग्विनशी बोलत सुटायचं नाही, गेंड्याला बुद्धिबळाला बसवायचं नाही. लेखकाने ‘काळजी’ हा शब्द समजावून सांगितला असता तर एवढं पोचलं नसतं.

आणि वेणी. ‘हेअर लव्ह’ हे मॅथ्यू चेरी यांचं पुस्तक २०१९चं, चित्रं वश्ती हॅरिसन यांची. झुरी नावाच्या कृष्णवर्णीय मुलीचे दाट, कुरळे, वळणारे आणि न वळणारे केस, आणि ते विंचरायला बसलेला तिचा बाबा. त्याच नावाच्या लघुपटाला २०२०च्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळालं. हे पुस्तक त्याच्या मातीतच समजतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाप घरात नसतोच असा एक साचा आहे, आणि तसे केस ‘नीटनेटके’ नाहीत म्हणून शाळेत, नोकरीत अडवणूक होते असा दुसरा. अशा भेदभावाला बंदी करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९मध्येच केला, आणि तो तिथला पहिला. एका वेणीने पुस्तक दोन्ही साच्यांना भिडतं. आपल्याकडे वेणी घालणाऱ्या बाबाचे व्हिडिओ पाहून ‘किती गोड’ म्हणणाऱ्यांनी हा संदर्भ लक्षात घ्यावा. आपल्याकडचं गोड तिकडे चांगलंच तिखट आहे.

‘किती गोड’वरून आठवलं. मायाळू बाबा दाखवताना पुस्तकं ज्या खड्ड्यांत पडतात त्यांतला सगळ्यांत मोठा हाच, कौतुकाचा. आई रोज जे करते ते बाबाने एकदा केलं की पानभर टाळ्या. दुसरा खड्डा त्याच्या शेजारीच, बावळट बाबाचा: दूध उतू, पोळ्यांचे नकाशे, डायपर उलटा, सगळं घर पिठाने पांढरं. मुलं हसतात, पण शिकतात काय? की हे काम बाबाच्या प्रकृतीचं नाही, आई येऊन सावरेल. आणि तिसरा खड्डा एका शब्दाचा आहे, जो मराठीत आपण रोज वापरतो. ‘बाबा आईला मदत करतो.’ मदत करणाऱ्याचं ते काम नसतं. ज्याचं काम असतं तो मदत करत नाही, तो काम करतो. मराठी चित्रपुस्तकाच्या संपादकाने एवढा एक शब्द लाल शाईने खोडला तरी बरंच साधेल.

आपल्याकडे परंपराच नाही, असं मात्र नाही. ‘श्यामची आई’ हे काही चित्रपुस्तक नव्हे, पण १९३५ सालच्या या पुस्तकाची पहिलीच रात्र आठवा. वटसावित्रीचं व्रत आहे, आई आजारी आहे, तिला चक्कर येते. ती श्यामला सांगते, माझ्या वतीने तू वडाला प्रदक्षिणा घाल. श्यामला लाज वाटते. बायका हसतील, शाळेतली मुलं चिडवतील. आई सांगते की लाज वाईट काम करताना वाटावी, देवाचं काम करताना कसली? आणि श्याम जातो. ‘बायकी’ म्हणून चिडवले जाण्याची भीती आणि आईवरची माया यांत एका मुलग्याने माया निवडली, ही मराठी मुलांच्या सगळ्यांत वाचल्या गेलेल्या पुस्तकाची सुरुवात आहे. कथेला तिथे आई आजारी पडावी लागली, हे खरं. मायाळू पुरुषाला गोष्टीत शिरायला अजूनही बहुधा तेच दार लागतं: आई आजारी, आई गावाला, आई देवाघरी. बाकी पुरुष आपल्या बालगीतांतही भेटतात, पण रेशीम घ्यायला मामा आणि शिकरण करायला मामी, ही वाटणी पक्की. ऑफिसातून दमून, मूल झोपल्यावर घरी पोचणाऱ्या बाबाचं गाणं तर आपण सगळ्यांनी डोळे पुसत ऐकलंय. बाबाच्या प्रेमाचं ते गाणं बाबा घरी नसण्याचं आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आईवडील दोघं बसून भाजी निवडताहेत असं चित्र आलं, डॉक्टर आणि वाहतूक पोलीस बायका दाखवल्या, आणि त्याच्या बातम्या झाल्या. २०२४मध्ये केरळच्या तिसरीच्या पुस्तकात बाबा नारळ खवताना दाखवला, त्याचीही बातमी झाली. विळीवर नारळ खवणाऱ्या पुरुषाची बातमी होते, यातच सगळं आलं. विरोधाचा सूर असा की आमच्या घरात असं नसतं, पुस्तकाने खोटं का दाखवावं? नसतं, हे खरंच आहे. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकामाला दिवसातून थोडा तरी हात लावणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. करणाऱ्या बाईचा त्यात सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. पण आपल्याच लग्नात शंभर पानांचा स्वयंपाक करणारा आचारी कोण असतो? कपडे शिवणारा शिंपी, इस्त्री करणारा परीट, वडे तळणारा गाडीवाला? तीच कढई आणि तीच सुई. पैसे मिळतात तोवर काम पुरुषी, उंबरठ्याच्या आत आलं की बायकी.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९९०मध्ये एक सुरेख उपमा दिली. मुलांची पुस्तकं आरसे असतात, खिडक्या असतात आणि सरकती काचेची दारंही असतात. स्वतःचं घर दिसतं तो आरसा, दुसऱ्याचं दिसतं ती खिडकी, आणि पलीकडे जाता येतं ते दार. भाजी निवडणारा बाबा बहुतेक मराठी मुलांसाठी आज खिडकी आहे. ज्याच्या घरी बाबाच डबा भरतो त्या मुलासाठी तो आरसा आहे, आणि असा आरसा त्याला फारसा कुठे मिळत नाही.

मराठी लेखकाच्या हातात आणखी एक हत्यार आहे, जे इंग्रजीत नाही. आपल्याकडे आई ‘तू’ असते आणि बाबा पुष्कळ घरांत अजून ‘तुम्ही’. “आई, मला भूक लागली” आणि “अहो बाबा, जेवायला चला” यांत अंतर आपोआप मोजलं जातं. पुस्तकातलं मूल “ए बाबा” म्हणालं की चित्रकाराने ब्रश उचलायच्या आधीच बाबा दोन पावलं जवळ येतो. अनुवाद करणाऱ्यांनी यावर जरा थबकावं. तुलिका, प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थांची बरीच पुस्तकं मराठीत येतात. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून त्यांची पुस्तकं फुकट वाचता येतात. अशा अनुवादांत अप्पा, बाबा, अब्बू यांना तू की तुम्ही, हा निर्णय निम्मं पात्र घडवतो. मूळ मराठीत माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या संचातून घरातल्या एकेका माणसाची ओळख करून दिली, तेव्हापासून बोलीतलं खरं घर पुस्तकात आणायची वाट मळलेली आहे.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न विचारणारे विचारतातच. मुलं बघून शिकतात याविषयी शंका नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१मध्ये ७२ मुलांवर केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसाने बाहुल्याला बडवलेलं पाहून मुलांनीही बडवलं, आणि मुलग्यांनी पुरुषाचं पाहून जास्त. तो प्रयोग मारामारीचा म्हणून गाजला. पण मुलगे पुरुषाकडे बघून शिकतात, ही त्यातली गोष्ट थोपटण्यालाही लागू पडायला हरकत नसावी. साच्याबाहेरच्या गोष्टी ऐकल्यावर लहान मुलं खेळणी निवडताना थोडी मोकळी होतात, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय. एका पुस्तकाने बाप बदलत नाही, मुलगाही बदलत नाही. घरात रोज दिसतं त्याच्यापुढे पुस्तक दुबळंच.

म्हणून वाचतं कोण, हे मला काय वाचलं याच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. बाबाने मांडीवर घेऊन डुकरांचं पुस्तक वाचलं तरी मुलाच्या लक्षात बाबाची मांडी राहते. आजोबांनी चष्मा पुसत वाचलं तर आजोबा राहतात. पुस्तक ‘चांगल्या विचारांचं’ आहे म्हणून वाचू नये, मुलांना तो वास लांबून येतो. चित्रातला बाबा पोळ्या लाटत असेल तर त्यावर भाषण न देता पुढे जावं. फार तर आठवड्याने विचारावं, त्या गोष्टीत पोळ्या कोण करत होतं रे? उत्तर ‘आई’ आलं तर पुस्तक पुन्हा उघडायचं.

आणि चिऊताईच्या गोष्टीचं काय? ती बदलून सांगायचा प्रयत्न मी केला. चिमण्याला आत घुसवला, बाळाला न्हाऊ घालायला लावला. भाची म्हणाली, मग दार उघडायला एक जण मोकळा आहे की. गोष्टच कोसळली. ती होती तशी राहू दे, असं आमचं ठरलं.

तिला मग मी धनेश पक्ष्याचं सांगितलं. धनेश सह्याद्रीत आहे, कोकणात आणि गोव्यात आहे, राखी धनेश तर पुण्यातल्या जुन्या झाडांवरही दिसतो. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. लिंपते ते मुख्यतः आपल्याच विष्ठेने, म्हणजे घर खरोखर शेणाचंच. चोच जाईल एवढी फट ठेवते. पुढे कितीतरी आठवडे ती बाहेर येत नाही. नर दिवसभर उंबराची, वडाची फळं गळ्यात साठवून आणतो, फांदीवर उतरतो, एकेक फळ वर काढतो आणि फटीतून आत देतो. पिल्लं झाली की त्यांच्यासाठीही. भाचीने विचारलं, “तो दार उघड म्हणत नाही?” नाही म्हटलं, तो चोच लावतो, आणि आतून चोच येते.